टाळूवर चार थेंब

माझी मुलगी कशामुळे जगली, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. डॉक्टरांच्या मते ती नाकात बसवलेल्या दोन इवल्या नळ्यांमुळे आणि एका बाटलीतल्या पाण्यामुळे जगली. माझ्या आईच्या मते ती खोबरेल तेलाच्या एका थेंबामुळे जगली. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत आईचं मत जास्त लोकांना माहीत आहे, कारण डॉक्टर काही रोज संध्याकाळी खालच्या बाकावर येऊन बसत नाहीत.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. सहा वर्षं मी ते आईला सांगितलं नाही, आणि त्याचं काय झालं तेच आता सांगायचं आहे.

मी मुळातच घोळ घालणारा माणूस. हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. स्वतःच्या चुका मी हौसेनं करतो. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी मी शेजारच्या मंगल कार्यालयात शिरून दोन अनोळखी म्हाताऱ्यांच्या पाया पडून आलो. त्यांनी आशीर्वादही दिला. तेव्हा आमच्या लग्नाला लागलेल्या आशीर्वादांपैकी दोन तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्यांचे आहेत.

सातव्या महिन्यात बायकोचं ब्लडप्रेशर असं वाढलं की हडपसरच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात तिला सकाळी तपासायला नेलं आणि दुपारी मी बाप झालो. अठ्ठावीस आठवडे. साडेनऊशे ग्रॅम. सिस्टरनी चिठ्ठीवर सामान लिहून दिलं, त्यात ‘टोपी, सगळ्यात लहान’ असं होतं. मी हडपसरच्या बाजारातून आणलेली टोपी त्यांनी हातात धरून उलटसुलट पाहिली.

“बाबा, ही टोपी हाय का झोपायची पिशवी?”

त्या हॉस्पिटलात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आलेल्या प्रत्येक पुरुषाला ‘बाबा’ म्हणत आणि प्रत्येक बाईला ‘आई’. या सिस्टर पन्नाशीच्या, सासवडकडच्या, त्या विभागात सगळ्यात जुन्या. डॉक्टरही त्यांच्याशी जरा जपून बोलत. त्यांनीच कुठूनतरी मोज्याच्या टोकाएवढी टोपी काढली आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर चढवली. ती टोपी शोभेसाठी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. नाकातल्या नळ्यांना जोडलेल्या दोन मोठ्या नळ्या गालांवरून जात आणि त्या टोपीला बांधलेल्या असत. टोपी घट्ट, तर नळ्या जागेवर.

डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. “हे मशीन श्वास देत नाही. श्वास ती स्वतः घेतेय. फुगा पूर्ण मिटला की पुन्हा फुगवायला किती जड जातो? तिची फुफ्फुसं तशीच आहेत. ती मिटू नयेत म्हणून आपण सतत थोडी हवा आत ठेवतो.”

“आणि ही बाटली?”

“हवेचं दुसरं टोक पाण्यात बुडवलंय. जितकं खोल, तितका दाब. बुडबुडे येतायत म्हणजे दाब बरोबर आहे.”

“आणि नाही आले तर?”

“तर कुठेतरी हवा गळतेय. तसं झालं आणि ती थकली, तर घशातून नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवावं लागेल. तिची फुफ्फुसं फार नाजूक आहेत. ते आपल्याला टाळायचंय.”

मी मान हलवली. सगळं कळल्यासारखी मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पुढचे आठ दिवस मी ते बुडबुडे ऐकले. चहाचं आधण यायच्या आधी पातेल्यात जसा बारीक आवाज होतो, तसा. शेजारी मॉनिटरवर एक आकडा असायचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा. एक्क्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद. मधेच ती श्वास घ्यायची विसरायची. हो, विसरायची, इतक्या लवकर आलेल्या बाळांचं तसंच असतं म्हणे. मग आकडा खाली, मशीन ओरडायचं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, “घे गं बाई श्वास, आळशी कुठली. बापावर गेलीय.”

बाप हसायचा. घरी जाताना सिग्नलला थांबलं की त्याचा स्वतःचा श्वास अडकायचा, ते वेगळं.

आता आई. माझी आई निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर विज्ञान शिकवलं. दृष्ट, अंगारा, काळा दोरा यांची ती यथेच्छ टिंगल करते. शेजारच्या काकूंनी बाळासाठी पाठवलेला अंगारा तिनं कुंडीत घातला, वर म्हणाली, “जास्वंदीला उपयोग होईल.” पण तेल! बाळाच्या डोक्यावर मधोमध जी मऊ जागा असते, ती टाळू तेलानं भरायची, हे आईच्या मते अंधश्रद्धेत येतच नाही. ते शास्त्र.

“नऊ दिवस झाले, टाळू कोरडी आहे तिची,” आई म्हणाली.

“आई, ती काचेच्या पेटीत आहे.”

“मग? पेटीत टाळू नसते का?”

आईला आत प्रवेश नव्हता. फक्त आईबापांना सोडत. त्यामुळे तिनं डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, पातेल्यात उकळली, उलटी करून फडक्यावर वाळवली, आणि त्यात घरी तापवून गाळलेलं खोबरेल भरलं. झाकणाभोवती चिकटपट्टी लावली. प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखी ती बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाली, “एकच थेंब. निर्जंतुक आहे.”

मी नाही म्हणालो. हे मला नोंदवायचं आहे, कारण माझ्या बाजूनं नोंदवण्यासारखं या गोष्टीत दुसरं काही नाही. मी नाही म्हणालो, आणि बाटली शर्टाच्या खिशात घातली.

त्या दिवशी पहिल्यांदा बाळाला छातीवर द्यायचं ठरलं होतं. त्याला ते कांगारू म्हणतात. खरं तर बायकोचा मान. पण तिचं ब्लडप्रेशर पुन्हा चढलं होतं, ती वरच्या मजल्यावर झोपून होती. “तू जा,” ती म्हणाली. “आणि काही शहाणपणा करू नकोस.” सहा वर्षांच्या संसारात तिला माझी तेवढी ओळख झालीच होती.

“बाबा, आंघोळ?” सिस्टरनी विचारलं.

“झाली.”

“अत्तर, पावडर, तेल-बिल काही नाही ना?”

“छे!”

दुपारचे चार वाजले होते. तिरक्या खुर्चीत मला बसवलं, शर्टाची बटणं सोडून. नळ्यांसकट ते बाळ माझ्या छातीवर ठेवलं, वरून कापडानं आम्हा दोघांना बांधलं. त्या वजनाबद्दल मी काही लिहिणार नाही, वजन नव्हतंच. ऊब होती, ओंजळभर. बुडबुडे कानाशी वाजत होते.

“हे थांबले की हाक मारायची,” सिस्टर म्हणाल्या. “लाजायचं नाही.”

पलीकडच्या बाळाचं मशीन ओरडलं आणि त्या तिकडे गेल्या.

मी नक्की काय विचार केला हे मला अजून सांगता येत नाही. नऊ दिवस मी नुसता बघत होतो. डॉक्टर काहीतरी करत, सिस्टर काहीतरी करत, बायको दर तीन तासांनी दूध काढून पाठवत होती. मी पार्किंगची पावती सांभाळत होतो. बापानं करण्यासारखं जगात एकच काम उरलं होतं आणि ते माझ्या खिशात होतं.

मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी टोपीची पुढची कड वर उचलली. उजव्या हातानं बाटली दाबली. एक थेंब. बाटली जरा जास्तच दाबली गेली, दोन, तीन, चार.

टाळू हलत होती. वर-खाली, नाडीबरोबर. तेल त्या खळग्यात क्षणभर थांबलं आणि केसांतून कपाळाकडे निघालं. मी घाईनं टोपी खाली ओढली. झालं. कोणी पाहिलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी डोळे मिटले.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही. फार नाही. शांत वाटलं. पोर झोपली, मी मनाशी म्हणालो, किती शांत झोपली. मग मला कळलं की शांत ती नव्हती, पाण्याची बाटली शांत होती.

डोळे उघडले. टोपी तेलावरून सरकून मागे गेली होती, तिच्याबरोबर गालावरच्या नळ्या, आणि नाकातली ती दोन टोकं अर्धी बाहेर. पाण्यात एकही बुडबुडा नव्हता. मॉनिटरवर अठ्ठ्याऐंशी.

हाक मारायची होती. लाजायचं नव्हतं. सिस्टर दहा पावलांवर पाठमोऱ्या उभ्या होत्या. आणि मी, टोपी पुढे ओढून नळ्या स्वतःच बसवायला गेलो. कारण त्या आल्या असत्या तर त्यांना तेल दिसलं असतं.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

बोटांना तेल. नळी बोटांतून निसटत होती. चौऱ्याऐंशी. मी पुन्हा बसवली, ती पुन्हा घसरली. एकोणऐंशी. तिचे ओठ जांभळाच्या सालीसारखे व्हायला लागले तेव्हा मशीन ओरडलं. मी नव्हे. मशीन.

मग सगळं फार वेगानं झालं. सिस्टरनी तिला माझ्यावरून उचललं, छोट्या मास्कनं फुगा दाबून हवा दिली, तळपायाला टिचक्या. आकडा चढला. नळ्या पुन्हा बसवल्या. बुडबुडे आले, चार-पाच, आणि थांबले. पुन्हा फुगा. पुन्हा नळ्या. पुन्हा तेच. डॉक्टरबाई धावत आल्या, एक मिनिट छातीकडे बघत राहिल्या. बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

“थकलीय,” त्या म्हणाल्या. “आता हे धरत नाहीये. नळीची तयारी करा.”

हिरव्या कापडावर चकचकीत सामान मांडलं गेलं. मी उघड्या छातीनं खुर्चीजवळ उभा. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं की ती थकलेली नाही. तिची टोपी घसरतेय. आणि मी काय करत होतो? शर्टाची बटणं लावत होतो. एकेक. वरपासून. शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं म्हणून मी सगळी पुन्हा सोडायला लागलो होतो.

“तेल,” मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही.

“डॉक्टर, तेल आहे. टोपीखाली. मी लावलं.”

सिस्टरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेनं माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही, आणि माझी बायको काही कच्ची नाही. त्यांनी टोपी काढून नाकाशी नेली. कोमट पाण्यात कापूस बुडवून कपाळ पुसलं, गाल पुसले, गालावरच्या पट्ट्या काढून नव्या लावल्या, कोरडी टोपी चढवली, नळ्या बांधल्या.

“दहा मिनिटं बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. हिरवं कापड त्यांनी उचललं नाही. ते तसंच उघडं राहिलं.

मी ती दहा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. बुडबुडे आले. थांबले, सिस्टरनी बोटानं तिची हनुवटी वर केली, उघडं तोंड मिटलं, पुन्हा आले. एक्क्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. नव्वद.

बाहेर जाताना सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, “भजी तळायची होती का बाबा?” मग थांबून, अगदी हळू: “बोललात म्हणून. नाहीतर आता नळी असती घशात.”

बायकोला मी तासाभरात सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, “आईंना तू सांगायचंस. मी नाही सांगणार.”

पण त्या आधीच आईनं दारात विचारलं होतं, “भरलीस टाळू?” आणि मी “हो” म्हणालो होतो. एवढंच. खोटं तर नव्हतं.

पोर वाढली. नळ्या निघाल्या, पेटी सुटली, एके दिवशी ती घरी आली. आईनं सगळं श्रेय त्या थेंबाला दिलं. पोर लवकर बोलली, तेल. पोरीचे केस दाट, तेल. तिला पाढे येतात, तेलच. दर वेळी बायको माझ्याकडे बघायची आणि मी पंख्याकडे. वाटायचं, जाऊ दे, म्हातारीचा आनंद, कोणाचं काय बिघडतंय.

गेल्या महिन्यात मी घरूनच काम करत होतो. तीनच्या सुमारास मीटिंग चालू ठेवूनच पाणी प्यायला बाहेर आलो तर आई फडकं झटकत होती.

“शेजारच्या काकूंच्या लेकीचं झालं बरं का,” ती म्हणाली. “सातव्यातच. मुलगा. त्याच हॉस्पिटलात, आपल्या पोरीसारखंच बुडबुड्यांचं मशीन लावलंय. आज जावई कांगारू करणार म्हणे.”

“बरं.”

“बाटली दिलीय मी त्याच्याकडे. सकाळीच.”

ऑफिसच्या हेडफोनमध्ये कोणीतरी माझं नाव घेत होतं. मी काढून टाकला. काकूंचं दार वाजवलं, जावयाचा नंबर घेतला, लावला. वाजत राहिला. अर्थातच, त्या विभागात जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. मी स्कूटर काढली.

बिबवेवाडीहून हडपसरला जाणारा रस्ता मी सहा वर्षांत विसरलो नव्हतो. लुल्लानगरचा चौक, फातिमानगरचा सिग्नल, पुढे सोलापूर रस्त्याची ती गच्च दुपार. दर सिग्नलला मी मनाशी आकडा मोजत होतो: अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी. मागचा रिक्षावाला म्हणाला, “काका, हिरवा झालाय, का अजून पिकायची वाट बघताय?” एरवी मी उत्तर दिलं असतं.

पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तेच चपलांचं कपाट, तेच दार, काचेची तीच उभी पट्टी. आत तिरक्या खुर्चीत एक पोरगेला माणूस, शर्ट उघडा, छातीवर कापड आणि कापडातून डोकावणारी मोज्याच्या टोकाएवढी टोपी. खुर्चीजवळ कोणीच नव्हतं. त्याचा उजवा हात खिशाकडे चालला होता.

मी काचेवर थाप मारली. दोन्ही हातांनी मारली. तिथं काच वाजवायची सक्त मनाई आहे.

दार उघडलं ते त्याच सिस्टरनी. केस पांढरे झालेले, नजर तीच. त्यांनी मला ओळखायला क्षणही घेतला नाही.

“तेलवाले बाबा. आता काय?”

“त्याच्या खिशात,” मी म्हणालो. “त्याच्या खिशात बाटली आहे.”

त्या वळून आत गेल्या. काचेतून मला दिसलं: त्यांनी हात पुढे केला, तो पोरगा लाल झाला, त्यानं खिशातून बाटली काढून दिली. त्या बाहेर आल्या आणि बाटली माझ्या तळव्यावर ठेवली. झाकणाभोवती आईची चिकटपट्टी अजून शाबूत होती. फक्त एक टोक नखानं उचकटलेलं.

“किती जणांना वाटल्यात?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं आई त्या बाकावर बसतेय. किती लेकी, किती सुना, किती नातेवाइकांची नातवंडं. मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी आलो. आई सोफ्यावर नातीची वेणी घालत होती. मी पोरीला खाली खेळायला पाठवलं, बाटली टीपॉयवर ठेवली आणि सगळं सांगितलं. टोपी, नळ्या, जांभळे ओठ, हिरवं कापड, दहा मिनिटं. शर्टाची बटणंसुद्धा. आई कंगवा मांडीवर ठेवून ऐकत होती. शिक्षिका असताना तोंडी परीक्षा घेताना ती अशीच ऐकायची.

“किती थेंब टाकलेस?” शेवटी तिनं विचारलं.

“चार.”

“मी एक सांगितला होता.”

“आई, प्रश्न थेंबांचा नाही. असं किती जणांना दिलंयस तू?”

“आठवतं का एवढं? ज्यांनी मागितलं त्यांना,” ती म्हणाली. “आणि त्यातलं कोणी येऊन तक्रार केली नाही. तू लहानपणापासून धांदरट. त्यात तेलाचा काय दोष?”

बाटली उचलून ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच बसून राहिलो. नाव-गाव ठाऊक नसलेल्या त्या सगळ्या खुर्च्या माझ्या डोळ्यांपुढे येत होत्या, आणि त्यांतले बाप, आणि ते सगळे माझ्यासारखेच बटणं लावत होते. तक्रार करायला कोण येणार? मी तरी गेलो होतो का?

आतून बारीक आवाज यायला लागला. चहाचं आधण यायच्या आधी होतो तसा. चहाची वेळ नव्हती. मी उठून गेलो. गॅसवर पातेलं, पातेल्यात पाणी, आणि तळाशी बुडबुड्यांत ती बाटली, नव्यानं निर्जंतुक होत असलेली. आई पाठमोरी, कपाटातून खोबरेलाचा डबा काढत होती.

मी गॅस बंद केला आणि बाटली बाहेर काढली. सांडशी हाताशी होती. मी अर्थातच बोटं घातली.